धुळाप्पाचा न जाणारा फ्यूज

शुक्रवार पेठेत एखादा माणूस हट्टाला पेटला आणि कुणाचंच ऐकेना, की लोक म्हणत, "सोडा हो, तो म्हणजे धुळाप्पाचा फ्यूज आहे." ही म्हण पेठेच्या बाहेर फारशी गेली नाही, पण पेठेत चांगली रुजली होती. ज्याच्यामुळे ती जन्माला आली तो धुळाप्पा वायरमन ती ऐकली की सायकलवरून उतरून मिशीला पीळ देत असे. स्वतःच्या नावाची म्हण जिवंतपणी ऐकायला मिळणं सगळ्यांच्या नशिबात नसतं.

धुळाप्पा मूळचा सांगोल्याकडच्या कोरड्या माळावरचा. बाप मेंढरं राखायचा, आजा मेंढरं राखायचा आणि धुळाप्पाही राखायचाच, पण एका दुष्काळात मेंढरंच राहिली नाहीत, म्हणून तो सोलापुरात आला आणि गिरणीत चिकटला. तिथं विजेच्या खात्यात त्याला शिडी धरायचं काम मिळालं. वर चढलेला वायरमन काय करतो ते खालून बघत बघत तो शिकला, आणि पुढे गिरणी सोडून स्वतःची शिडी घेऊन पेठेत फिरू लागला. त्याला विजेचं काम खालून दिसतं तेवढं सगळं येत होतं.

त्याची खासियत म्हणजे फ्यूज. फ्यूज म्हणजे चिनी मातीच्या ठोकळ्यात बसवलेली बारीक तार. लाईनीवर भार वाढला की ती वितळते, दिवे जातात आणि घर वाचतं. निदान ज्याने कुणी फ्यूज शोधून काढला त्याची तशी कल्पना असावी. पेठेची कल्पना वेगळी होती. पेठेत फ्यूज गेला म्हणजे वायरमन वाईट. लग्नात ऐन मंगलाष्टकांना अंधार झाला की लोक आधी वायरमनच्या आईची आठवण काढत आणि मग कंदील शोधत. धुळाप्पाने हे ओळखलं. बाकीचे वायरमन ठोकळ्यात तारेचा एक पदर घालत. धुळाप्पा चार-पाच पदर घेई, चातीवर लोकर वळावी तसा मांडीवर त्यांना पीळ देई आणि तो कासरा ठोकळ्यात आवळून बसवी. मग त्या घरात लग्न होवो, बारसं होवो, एका प्लगवर इस्त्री, शेगडी आणि पाण्याचा रॉड लागो, फ्यूज म्हणून जात नसे.

कुणी रहस्य विचारलं की तो म्हणे, "आमी धनगर. आमाला राखणदार कळतो. लांडगा आला आन् कुत्रं पळालं, तर त्याला कुत्रं म्हणायचं का? माजा फ्यूज जागा सोडत न्हाय."

हे लोकांना पटे. कुणालाही पटलं असतं, कारण दिवे जात नव्हते.

अशी सगळी भरभराट चालू असताना, अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, चनबसप्पाआण्णांनी घरात एअर कंडिशनर आणला.

चनबसप्पाआण्णा हे चादरींचे व्यापारी. शुक्रवार पेठेत त्यांचं दुमजली घर होतं. खाली पेढी, पेढीमागे सुताच्या गाठोड्यांची खोली, तिच्या भिंतीला लागून स्वयंपाकघर आणि वर झोपायच्या खोल्या. देह असा की रिक्षावाला त्यांना दुरून पाहिलं की दुसऱ्या गल्लीत वळे. मे महिन्यात आण्णा उघड्या अंगाने पेढीवर बसून दुसऱ्यांना उबदार चादरी विकत आणि घाम पुसत. त्या वर्षी व्यापारासाठी ते मुंबईला गेले असताना कुणा बड्या आडत्याने त्यांना थंड हवेच्या खोलीत झोपवलं. पहाटे आण्णांना चक्क हुडहुडी भरली. त्यांनी नमुन्याच्या गठ्ठ्यातली आपलीच चादर ओढून अंगावर घेतली. जन्मभर विकलेली वस्तू कशी लागते हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं, आणि ती इतकी आवडली की परत येताना त्यांनी यंत्राचा सौदाच करून टाकला.

यंत्र आलं. त्याच्यासाठी वरच्या खोलीची खिडकी फोडली. पुण्याहून आलेल्या मेकॅनिकने ते बसवलं आणि सांगितलं, "ह्याला मेन बोर्डापासून वेगळी जाड लाईन ओढा, आणि सर्किट ब्रेकर लावा. ब्रेकर नीट निवडा." एवढं बोलून तो संध्याकाळच्या गाडीने निघून गेला, कारण त्याला सोलापूरचं ऊन सोसेना.

"धुळाप्पा," आण्णा म्हणाले, "ब्रेकर काय असतंय बघ. तुला जमंल ते चांगलं घे. माझ्या घरात पहिल्यापासून तुझंच काम हाय. पण एक सांगतो, व्याही येणार हायत बघायला. त्यांच्यासमोर बंद पडलं, तर मी तोंड कुटं दाखवू?"

"आण्णा, माज्या हातचं कधी बंद पडलंय का?"

"न्हाय की."

"मग झालं."

नव्या पेठेत रावजीतात्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. तात्या गल्ल्यावर बसून दिवसभर सुपारी कातरत आणि गिऱ्हाईक जे मागेल ते देत. ब्रेकर नावाची वस्तू त्यांनी थोडी आणून ठेवली होती, पण अजून कुणी विचारली नव्हती. त्यांनी धूळ झटकून काळ्या ठोकळ्यांची रांगच मांडली. प्रत्येकाला एक खटका आणि अंगावर अँपिअरचा आकडा: पाच, दहा, पंधरा, वीस, तीस.

"हे फ्यूजवानीच," तात्या म्हणाले. "भार वाढला की खटका खाली पडतो. फ्यूजची तार बदलावी लागती, ह्याला नुसता वर करायचा. तुझ्या यंत्राला वीसचा बास हुईल."

"पडतो म्हंजे?"

"म्हंजे बंद हुतो."

"आपलं आपण?"

"आपलं आपण."

धुळाप्पाने वीसचा ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. आपलं आपण पळून जाणारं कुत्रं लोक पैसे मोजून विकत घेतात, हे त्याला नवीन होतं.

"तात्या, ह्याच्याहून दांडगा न्हाय का?"

"तीस हाय."

"त्याच्याहून?"

तात्यांनी मागच्या फळीवरून एक साठचा काढला. तो कुणा यंत्रमागवाल्याने मागवला होता आणि नेलाच नव्हता. धुळाप्पाचे डोळे चमकले. आकडा मोठा, वजन चांगलं, खटका असा घट्ट की दोन बोटांनी लावावा लागे.

"हा कवा पडायचा?"

"घराला लागंल तेवढ्याला हा न्हाय पडायचा."

"मग हाच द्या."

"अरं, पण त्या यंत्राला साठचा..."

"तात्या, वीसचा पडला तर नाव कुणाचं जाईल? तुमचं का माजं?"

तात्यांनी मान डोलावली आणि साठचा कागदात गुंडाळला. गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्यांनी दुकानाच्या मुहूर्तालाच सोडलं होतं.

आता राहिली जाड लाईन. धुळाप्पाने वर-खाली पाहिलं. बोर्डापासून लाकडी पट्टीतून स्वयंपाकघराच्या भिंतीने वर जाणारी लाईन त्यानेच पूर्वी ओढली होती. तीवर पंखे, दिवे आणि स्वयंपाकघरातला प्लग गुण्यागोविंदाने नांदत होते. स्वतःच्या हातची चांगली लाईन असताना दुसरी ओढणं म्हणजे पहिलीचा अपमान. त्याने यंत्र त्याच लाईनीला जोडलं, बोर्डावर फ्यूजच्या जागी साठचा ब्रेकर ठोकला आणि खटका वर केला. वर खोलीत यंत्र घुरघुरलं आणि थंड वारा आला.

व्याही आले. आण्णांच्या बायकोने, निंगव्वाने, यंत्राला हळदकुंकू लावलं आणि त्याच्यापुढे नारळ फोडला. मग बाहेर ऊन रणरणत असताना आत सगळे पाहुणे आण्णांच्या चादरी पांघरून ओळीने बसले आणि एकमेकांना "गार वाटतंय की" असं सांगत राहिले. एका म्हाताऱ्या पाहुण्याने कानटोपी मागितली. आण्णांना धन्य वाटलं. खटका तसूभर हलला नाही. धुळाप्पा दाराशी उभा होता, त्याला आत बोलावून पेढा दिला, आणि व्याही म्हणाले, "आमच्याकडचा वायरमन असा असता तर!" त्या दिवशी धुळाप्पाच्या नावाला जी उंची आली, तिच्यावर चढायला त्याची शिडी पुरली नसती.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी निंगव्वाने पेढीवरच्या पोऱ्याकडून निरोप धाडला. असशील तसा ये, आणि आण्णांना कळवू नको.

धुळाप्पा मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला. निंगव्वा कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत होती.

"धुळाप्पा, वास घे."

त्याने नाक वर केलं. "शेंगा भाजताय, अव्वा. चटनीला."

"चूल थंड हाय. दोन दिवस मीबी हेच म्हनत हुते. शेजारीण शेंगा भाजतीया, शेजारीण शेंगा करपवतीया. काल तिला बोलले बी, बाई, आच कमी कर. ती भांडली माझ्यासंगट. आता हितं हात लाव."

लाकडी पट्टीच्या दोन्ही बाजूंनी चुना तांबूस झाला होता. जणू कुणी भिंतीला विटकरी किनार लावली होती. धुळाप्पाने पट्टीवर तळवा ठेवला आणि तसाच मागे ओढला.

तो धावत पेढीत गेला; आण्णा वरच्या गार खोलीत झोपले होते. बोर्डावर साठचा ब्रेकर छाती काढून उभा होता, खटका वर, कुठे काही घडत असल्याची वार्ता नाही. धुळाप्पाने दोन बोटांनी तो खाली पाडला, परत आला आणि पट्टी उचकटली. आत तारेवरच्या रबराचं डांबर झालं होतं. ते पट्टीच्या तळाला ओघळलं होतं आणि लाकूड कोळशासारखं काळं पडलं होतं. भिंतीत जिथं भोक होतं तिथून पट्टीचा एक फाटा पलीकडे सुताच्या खोलीतल्या दिव्याला जात होता. धुळाप्पा वाकून त्या भोकातून बघत राहिला. पलीकडे छतापर्यंत रचलेली गाठोडी दिसत होती.

निंगव्वाने ते सगळं पाहिलं. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. तिने पाण्याची कळशी उचलून जवळ आणून ठेवली आणि म्हणाली, "तुझा फ्यूज जात न्हाय म्हनतोस की. फ्यूज जायचा न्हाय, तर मग काय जायचं? माझं घर?"

धुळाप्पा जमिनीवर बसला. माळावर एकदा त्याच्या बापाचं कुत्रं पहाटेपर्यंत गप्प बसलं होतं. जागचं हललं नव्हतं, पळालं नव्हतं, आणि सकाळी पाहिलं तर मेंढवाड्यातली मेंढरं लांडग्याने नेली होती. बापाने त्या कुत्र्याला शूर म्हटलं नव्हतं. बाप काय म्हणाला होता ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"अव्वा," तो शेवटी म्हणाला, "यंत्र चार दिवस बंद ठिवा."

"आण्णांना काय सांगू?"

"सांगा, धुळाप्पा गाढव हाय."

"ते त्यांना ठाव हाय. यंत्राचं काय सांगू?"

तो पुन्हा रावजीतात्यांच्या दुकानात गेला आणि साठचा ठोकळा गल्ल्यावर ठेवला. आयुष्यात प्रथमच त्याने सामान मागितलं नाही, बाकावर बसला आणि विचारलं, "तात्या, हे निवडायचं कसं?"

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. असा प्रश्न दुकानात कधी आला नव्हता, त्यामुळे तेही जरा गोंधळले. मग त्यांनी खोक्यावरचा छापील कागद काढला, चष्मा लावला, आणि दोघं मिळून त्यावर वाद घालत बसले. तात्यांना इंग्रजी आकडे यायचे, धुळाप्पाला भिंती यायच्या. चहा आला, पुन्हा एकदा आला, आणि हळूहळू गोष्ट अशी उलगडली की ब्रेकर यंत्राची राखण करतच नाही. तो तारेची राखण करतो. म्हणून आधी यंत्र किती पितं ते बघायचं, मग त्याहून जास्त सोसणारी तार घ्यायची, आणि ब्रेकर दोघांच्या मधला. यंत्राच्या भुकेपेक्षा मोठा आणि तारेच्या ताकदीपेक्षा लहान.

"म्हंजे माजी तार बारीक, आन् ब्रेकर तिच्याहून दांडगा. तार जळून ग्येली तरी त्याला पत्ता न्हाय."

"मी तवाच म्हनलो हुतो, वीसचा घे."

"जोरात म्हनायचं हुतं, तात्या."

"आन् ऐक, ह्यात बी दोन जाती हायत," तात्यांना आता विषयाची गोडी लागली होती. "एक दिव्याचा, एक मोटारीचा. आकडा तोच. पण मोटार सुरू हुताना पहिला घोट मोठा घेती, तेवढ्यानंच दिव्याचा पडतो. मोटारीचा तेवढा घोट सोसतो, पण भार जास्त येळ राहिला तर मात्र पडतो. तुझं यंत्र म्हंजे पोटात मोटारच की."

धुळाप्पाने मोटारीच्या जातीचा वीसचा घेतला, जाड तारेचं बंडल घेतलं, आणि आण्णांच्या घरात बोर्डापासून यंत्रापर्यंत नवी, वेगळी लाईन ओढली. जुनीच्या जागी दिव्यांसाठी नवी तार घातली आणि तिला आपला छोटा फ्यूज, एकाच पदराचा. करपलेली पट्टी पाहून आण्णांचा चेहरा सुताच्या रंगाचा झाला, आणि त्यांनी दोन दिवस धुळाप्पाला मनापासून शिव्या दिल्या. पण यंत्र सुरू झालं, गार वारा आला, तसे ते निवळले. मग पुन्हा व्याह्यांना बोलावलं.

व्याही संध्याकाळी आले. त्या वेळी पेठेच्या मागे सगळे यंत्रमाग जोरात खडखडत असत आणि विजेचा दाब एवढा उतरे की दिवे पणतीसारखे दिसत. पाहुण्यांनी चादरी पांघरल्या. यंत्र थोडं घुरघुरलं, अडखळलं, जोर लावला, पुन्हा अडखळलं, आणि खाली बोर्डावर आवाज आला: टक्.

गार वारा थांबला. चादरीतल्या चादरीत लोकांना घाम फुटला. आण्णा स्वतः जिना उतरून पेढीत आले, म्हणजे प्रसंग किती बाका होता ते कळेल. धुळाप्पा बोर्डापाशीच होता.

"वर कर खटका!"

"आत्ता नगं, आण्णा. दाब लई उतरलाय. मोटार फिरंना, नुसतीच पितीया. म्हनून ह्यो पडला. जरा थांबू या."

"व्याही वर बसल्यात घामाघूम होऊन, आणि थांबू या म्हणतोस? मागचा साठचा कुटं हाय? तो लाव! तो पडला न्हवता एकदाबी!"

साठचा तात्यांच्या फळीवर होता. सायकलने जाऊन आणायला कितीसा वेळ? धुळाप्पाला ते ठाऊक होतं. तोवर व्याहीही जिन्यावर येऊन उभे होते, त्यांच्यामागे कानटोपीवाला म्हातारा. धुळाप्पाचा फ्यूज गेला म्हणून बघायला शेजारचे दोघेतिघे दारात जमले होते, आणि पुढच्या चौकापर्यंत ही बातमी जायला तेवढे पुरेसे होते. त्याने खटक्याकडे बघितलं. वीस वर्षांचं नाव त्या काळ्या ठोकळ्याबरोबर खाली मान घालून पडलं होतं.

"आण्णा, साठचा लावायचा आसंल तर दुसरा वायरमन बगा," तो म्हणाला. "ह्यो भुंकलाय. ज्यो भुंकतो त्यालाच राखणीला ठेवायचं."

"कोण भुंकलं?" व्याह्यांनी विचारलं.

वरून निंगव्वाचा आवाज आला. "थांबा म्हनतोय तर थांबा की सगळी! ताक आणते. आणि त्या चादरी काढून ठेवा, शिजाल."

पाहुण्यांनी चादरी काढल्या, ताक घेतलं, आणि मागांचा खडखडाट कमी झाल्यावर धुळाप्पाने खटका वर केला. यंत्र बिनतक्रार सुरू झालं. पण व्याही निघताना म्हणाले, "आमच्याकडचाही वायरमन असाच आहे," आणि आण्णांना ते लागलं.

ते धुळाप्पालाही लागलं, पण सायकलवर टांग टाकताना त्याच्या डोक्यात दुसरंच काही होतं. गल्लीत दोन्ही बाजूंना दिवे होते. ह्या घरी त्याचा फ्यूज. त्या घरी त्याचा फ्यूज. पिठाच्या गिरणीत त्याचा फ्यूज. कुठेही दिवे जात नव्हते. इतके दिवस हे पाहून त्याला बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून तो न बोलावता घरोघर जाऊ लागला. दार उघडलं की सरळ बोर्डाकडे जाई, ठोकळा काढी, आपला पिळलेला कासरा ओढून टाकी, त्या जागी बारीक एक पदर घाली आणि निघे. ह्याचे परिणाम लवकरच दिसले. पेठेत रोज कुणाचे ना कुणाचे दिवे जाऊ लागले. शेगडी लावली, इस्त्री लावली, गेला फ्यूज. पिठाची गिरणी चालवणारी बजाबाई त्याला बोर्डाला हातच लावू देईना.

"चांगलं चाललंय ते कशाला बिघडवतोस, मुडद्या?"

"बजाक्का, चाललंय म्हनूनच भ्या वाटतंय."

"तुला म्हातारचळ लागलाय. मी दुसरा बगते वायरमन."

"बगा. पण ह्यो फ्यूज बदलल्याबिगर मी हितनं हलत न्हाय." आणि तो पिठाच्या पोत्यावर बसला. बजाबाईने गिऱ्हाइकांसमोर त्याचा उद्धार केला, अंगावर कोंडा झाडला, आणि शेवटी कंटाळून म्हणाली, "कर मेल्या काय करायचं ते." तेवढ्या बाबतीत तो अजूनही धुळाप्पाचाच फ्यूज होता.

पेठेने मात्र म्हणीचा अर्थ बदलून टाकला. आता कुणी क्षुल्लक कारणावरून भडकलं, की लोक म्हणत, "सोडा हो, धुळाप्पाचा फ्यूज आहे तो." धुळाप्पा ते ऐके आणि सायकलवरून न उतरता पुढे जाई.

त्याची बायको मायाक्का हे सगळं बघत होती. एका संध्याकाळी त्याच्यापुढे भाकरी ठेवता ठेवता ती म्हणाली, "अवो, लोक नाव कमवायला दारोदार जात्यात. तुमी घालवायला जाताय."

"झालं आता. सगळी घरं झाली."

"सगळी?"

"व्हय. येक बी ऱ्हायलं न्हाय."

"आन् हे?"

धुळाप्पाने घास खाली ठेवला. दाराच्या वर त्याच्या स्वतःच्या घराचा ठोकळा होता. सोलापुरात बिऱ्हाड केलं तेव्हा त्यानेच तो बसवला होता आणि नंतर कधी उघडला नव्हता, कारण तो कधी गेलाच नव्हता. त्याने शिडी आणली. मायाक्का आपण होऊन येऊन शिडी धरून उभी राहिली. ठोकळा काढून त्याने उजेडाकडे धरला. आत तार नव्हती. एक खिळा होता.

"काय निघालं?" मायाक्काने खालून विचारलं.

"काय न्हाय," तो म्हणाला, आणि खिळा खिशात टाकला.

त्याने बारीक पदर बसवला आणि खाली उतरला. मायाक्काने कोपऱ्यातला कंदील काढला, काच पुसली, तेल घातलं आणि हाताशी येईल असा खुंटीला टांगून ठेवला.